उणे अडीच, आणि पुढची पावले

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचा अहवाल एखाद-दोन पानांचा असतो. त्यावर खुब्याच्या आणि कमरेच्या मणक्यांच्या करड्या आकृत्या, हिरवा-पिवळा-लाल तक्ता आणि टी-स्कोर नावाचा एक आकडा. तो उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला की डॉक्टर ‘ऑस्टिओपोरोसिस’ म्हणतात, आणि आपण म्हणतो, हाडे ठिसूळ झाली. पण या आकड्याचा खरा अर्थ लावला जातो तो घरी. ‘आई, बादली उचलू नकोस.’ ‘जिन्याने कशाला जातेस, लिफ्ट आहे ना?’ ‘काकू, तुम्ही बसा, आम्ही बघतो.’ प्रत्येक वाक्यात मायाच असते. आणि कालपर्यंत भाजी आणायला मंडईत चालत जाणारी बाई त्या मायेपोटी काही महिन्यांत खुर्चीत बसून राहू लागते.

हे प्रकरण त्या खुर्चीतून उठण्याबद्दल आहे, आणि उठण्याच्या एका विशिष्ट मार्गाबद्दल. ब्रिटनमध्ये एखाद्या कामासाठी निधी गोळा करायचा म्हणून ठरावीक अंतर चालून दाखवण्याची प्रथा चांगली रुजली आहे. महिन्याभरात इतके मैल, एका दिवसात तितके, आणि त्यावर ओळखीच्यांनी देणगी द्यायची. ऑस्टिओपोरोसिसचे निदान झालेली माणसेही असा संकल्प करतात. हे शहाणपणाचे आहे का? माझे उत्तर ‘हो’ असे आहे. मात्र त्यामागची कारणे सहसा सांगितली जातात त्याहून वेगळी आहेत. चालण्याने ठिसूळ हाड पुन्हा भरून येते, ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. तरीही चालायचे आहे.

आधी तो आकडा. उणे अडीचची रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने 1994 मध्ये आखली. तरुण, निरोगी स्त्रियांच्या हाडांची सरासरी घनता शून्य धरायची आणि आपली घनता तिच्यापेक्षा किती खाली आहे ते मोजायचे. उणे एक ते उणे अडीच हा मधला पट्टा. रेषा उपयोगी आहे, कारण औषध कुणाला द्यायचे हे कुठेतरी ठरवावे लागते. पण ती रेषाच आहे, कडा नव्हे. ती ओलांडली म्हणून हाड त्या दिवशी मोडत नाही, आणि ती न ओलांडलेल्या मधल्या पट्ट्यातल्या कितीतरी लोकांची हाडे मोडतात. कारण स्कॅनला हाडातले खनिज दिसते; मांड्यांतली ताकद दिसत नाही, डोळ्यांतला मोतीबिंदू दिसत नाही, न्हाणीघरातली ओली फरशी दिसत नाही. खुब्याची बहुतेक सगळी फ्रॅक्चर पडण्यातून होतात. म्हणजे खुबा मोडायला ठिसूळ हाडाबरोबर एक पडणेही लागते, आणि हे दुसरे कारण पुष्कळसे आपल्या हातात असते.

भीती नेमकी इथेच घात करते. पडण्याच्या भीतीने माणूस बसतो. बसल्याने मांड्या आणि पोटऱ्या वाळतात, तोल बिघडतो, आणि पडण्याची शक्यता वाढते. शिवाय हाड स्वतःही बसलेले ओळखते. हाड म्हणजे जिवंत ऊतक; काही पेशी जुना भाग विरघळवतात, काही नवा भरतात, आणि वर्षाला साधारण एक दशांश सांगाडा असा बदलत राहतो. या भरण्या-विरघळण्याच्या मागे हाडाच्या आत गाडलेल्या पेशी असतात. भार पडला की त्या ‘इथे मजबुती हवी’ असा निरोप देतात. भार गेला की निरोपही थांबतो. बर्लिनचे शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी 1892 मध्येच हाड भाराप्रमाणे घडते असे मांडले होते. त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा पुढे अंतराळातून आला. वजनरहित अवस्थेत धडधाकट अंतराळवीरांच्या खुब्याची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का घटते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन ओसरते तेव्हा विरघळवणाऱ्या पेशी वरचढ होतात, आणि पहिल्या पाच-सात वर्षांत काही जणींची हाडे 20 टक्क्यांपर्यंत घटू शकतात. अशा काळात बसून राहणे म्हणजे त्या घसरणीला हातभारच.

ब्रिटनमध्ये या आजारासाठी काम करणारी मुख्य संस्था म्हणजे रॉयल ऑस्टिओपोरोसिस सोसायटी. ती 1986 मध्ये सुरू झाली, तेव्हा नावात ‘रॉयल’ नव्हते, ‘नॅशनल’ होते. राजघराण्याशी तिचे नाते मात्र केवळ शोभेचे नाही. आजच्या राणी कॅमिला यांच्या आई रोझलिंड शँड यांचा 1994 मध्ये, 72 व्या वर्षी, या आजारात अंत झाला. मणके एकामागून एक दबत गेले, उंची कमी होत गेली, आणि घरच्यांना हे काय चालले आहे तेच कळत नव्हते, असे कॅमिला यांनी वारंवार जाहीरपणे सांगितले आहे. 2001 पासून त्या संस्थेच्या अध्यक्ष आहेत. एका श्रीमंत, सुशिक्षित घरात, डॉक्टर हाताशी असताना, विसाव्या शतकाच्या शेवटी ही अवस्था होती. पाठीचा मणका दबतो तेव्हा बहुतेकदा मोठा आवाज होत नाही, प्लास्टर लागत नाही. पाठ दुखते, वयाने दुखते असे आपण म्हणतो, आणि पुढे जातो.

आता पुन्हा चालण्याकडे. निधीसाठी चालण्याच्या ब्रिटिश प्रथेला मोठी प्रसिद्धी मिळाली ती क्रिकेटपटू इयन बॉथममुळे. पायाच्या दुखापतीसाठी टाँटनच्या रुग्णालयात गेला असताना त्याला रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली मुले दिसली. त्यांच्यासाठी 1985 मध्ये तो स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या जॉन ओ’ग्रोट्सपासून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या लँड्स एंडपर्यंत चालला. आपल्याकडे दानासाठी चालणे त्याहून जुने आणि फार मोठ्या मापाचे आहे. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा 1951 च्या एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदानाचे पहिले दान घेऊन निघाले, आणि त्यानंतर तेराएक वर्षे देशभर चालत राहिले. पोटाच्या जुन्या दुखण्याने त्यांची प्रकृती कायम नाजूक होती. चालणाऱ्याला बघून देणाऱ्याचा हात सैल होतो, हे त्यांनी ओळखले होते. मागणाऱ्याने आधी स्वतःचे काहीतरी पणाला लावलेले असते, म्हणून.

पण ठिसूळ हाडाच्या माणसाने डोळ्यांपुढे ठेवावे असे उदाहरण यांच्यापैकी कुणाचे नाही. ते आहे कॅप्टन टॉम मूर यांचे. यॉर्कशरमधल्या कीथलीत 30 एप्रिल 1920 रोजी जन्मलेला हा माणूस. दुसऱ्या महायुद्धात लष्करातून हिंदुस्थानात आला, आधी मुंबईत, मग कोलकात्याकडे आणि पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. ती सगळी दूरची गोष्ट. आपल्या विषयाशी संबंध आहे तो 2018 सालाचा. त्या वर्षी, 98 व्या वर्षी, ते घरात पडले. खुबा मोडला, बरगडी मोडली, फुप्फुसाला इजा झाली. या वयात खुबा मोडणे म्हणजे काय, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना सांगायला नको. पुष्कळ जण त्यानंतर पूर्वीसारखे स्वतःच्या पायांवर हिंडत नाहीत, आणि वर्षही न काढणारे थोडे नसतात.

मूर वॉकर घेऊन उभे राहिले. 2020 च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, बेडफर्डशरमधल्या मार्स्टन मॉर्टेन गावी त्यांनी घरच्या अंगणात फेऱ्या घालायला सुरुवात केली. एक फेरी 25 मीटरची. शंभरावा वाढदिवस यायच्या आत शंभर फेऱ्या पुऱ्या करायच्या, दिवसाला दहा, आणि त्यातून आरोग्यसेवेच्या धर्मादाय निधीसाठी एक हजार पौंड जमवायचे, एवढा बेत. सुरुवात 6 एप्रिलला झाली आणि शंभरावी फेरी 16 एप्रिललाच संपली. त्या वेळी यॉर्कशर रेजिमेंटचे जवान दुतर्फा मानवंदना देत उभे होते. वाढदिवसाला रात्री देणगीचे पान बंद झाले तेव्हा पंधरा लाखांहून अधिक लोकांनी मिळून तीन कोटी वीस लाख पौंडांच्या वर रक्कम दिली होती. पुढे त्यांच्या नावाने निघालेल्या एका स्वतंत्र संस्थेच्या कारभारावर तिथल्या धर्मादाय आयोगाने 2024 मध्ये कठोर अहवाल दिला. अंगणातल्या फेऱ्यांतून जमलेला निधी त्यापासून अलग होता, हे इथेच नोंदवलेले बरे.

मला त्या कोटींपेक्षा 25 मीटर हा आकडा मोठा वाटतो. सगळ्या फेऱ्यांची बेरीज अडीच किलोमीटर होते; पुण्यात सकाळी टेकडीवर जाणारा माणूस तेवढे न्याहारीपूर्वी चालून येतो. पण अंतर त्यांनी आपल्या शरीराच्या मापाने बेतले होते. जमीन सपाट आणि ओळखीची होती. हातात आधार होता, आणि तो घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. दिवसाचा वाटा ठरलेला होता. दुसऱ्याच्या संकल्पाचे अंतर उसने घेऊन कुणी चालायला लागले की मला काळजी वाटते, ती याच कारणाने.

आता त्या चुकीच्या समजुतीकडे वळू. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅनियन या शास्त्रज्ञांनी 1984 मध्ये पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर ठरावीक भार देऊन पाहिला. रोज अवघ्या 36 वेळा भार दिला तेव्हा हाड वाढले. मग तो दिवसाला 1800 वेळा दिला, तरी अधिक वाढ झाली नाही. हाडाला निरोप पोचायला थोडेच ठोके लागतात. पण ठोका जोराचा आणि सवयीपेक्षा निराळा हवा. रोजच्या सपाट वाटेवर आपण हजारो पावले टाकतो आणि प्रत्येक पाऊल आधीच्यासारखेच असते. ते हाडाला केव्हाच पाठ झालेले असते. म्हणून नुसत्या चालण्याने घनता फारशी वाढताना दिसत नाही. फार तर खुब्याची घसरण थोडी मंदावते.

तरीही अमेरिकेत साठ हजारांहून अधिक परिचारिकांचा बारा वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात (तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला) आठवड्याला किमान चार तास चालणाऱ्या बायकांमध्ये खुबा मोडण्याचा धोका, तासाभराहून कमी चालणाऱ्यांच्या तुलनेत, 41 टक्के कमी आढळला. ज्या मुळातच ठणठणीत त्या अधिक चालतात, हे काही अंशी खरे असणार. निरीक्षणावर उभ्या असलेल्या अभ्यासाची ती मर्यादाच आहे. पण पाय बळकट, तोल शाबूत आणि पडणे कमी, या साखळीशी तो निष्कर्ष जुळतो. चालण्याची राखण मुख्यतः अशी चालते: माणूस पडत नाही, म्हणून हाड वाचते.

हाड प्रत्यक्ष भरायचे तर वजन उचलावे लागते. ऑस्ट्रेलियात 101 स्त्रियांवर एक प्रयोग झाला आणि तो 2018 मध्ये छापून आला. सगळ्या रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडांची घनता कमी असलेल्या. निम्म्या जणींनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर चांगले जड वजन उचलले. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे 2.9 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची 1.2 टक्क्यांनी घटली. ‘बादली उचलू नकोस’ म्हणणाऱ्या घरात हा निष्कर्ष मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे. अर्थात वाचून लगेच बादली उचलायची नाही. त्या बायकांना आधी महिनाभर हलक्या वजनावर शरीराची ठेवण शिकवली होती, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी शेजारी उभे होते.

म्हणून चालण्याच्या संकल्पाचे खरे मोल त्याच्या पूर्वतयारीत आहे. तारीख पक्की झाली, लोकांनी पैसे दिले, की तीन-चार महिने माणूस नेमाने तयारी करतो. एरवी ‘उद्यापासून’ म्हणत राहणारी बाई फिजिओथेरपिस्टकडे जाते, कारण आता तिला पोचायचे असते. ब्रिटनच्या ऑस्टिओपोरोसिस सोसायटीने 2018 मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने जो सल्ला तयार केला, त्यात तीन गोष्टी आहेत: ताकद, तोल आणि ताठ पाठ. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस; तोलासाठी एका पायावर उभे राहणे किंवा ताय-ची; आणि ज्यांचा मणका दबलेला नाही त्यांनी बहुतेक दिवशी पन्नासएक हलक्या उड्या किंवा दणकट पावले. मणका दबलेला असेल तर उड्या टाळायच्या आणि जलद चालणे दिवसाला वीसेक मिनिटे. ही वीस मिनिटे अनेकांना फार कमी वाटतात. त्यांनी कॅप्टन मूर यांच्या 25 मीटरची आठवण ठेवावी. व्यायाम करणाऱ्या वयस्कांचे पडणे सुमारे 23 टक्क्यांनी कमी होते, असे 2019 च्या एका मोठ्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे.

तिसऱ्या गोष्टीबद्दल, ताठ पाठीबद्दल, आपल्याकडे विशेष सांगायला हवे, कारण आपल्याकडचा पहिला सल्ला असतो ‘योगासने करा.’ अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1984 मध्ये मणके ठिसूळ झालेल्या स्त्रियांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ मागे ताणणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी 16 टक्के जणींचे मणके पुढे आणखी दबले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 89 टक्के जणींचे. गट लहान होते, पण फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही. मणक्याच्या पुढच्या कडेवर सगळा भार आला की तो पाचरीसारखा चेपतो. म्हणजे पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातले पादहस्तासन, पोट कमी करायचे म्हणून उताणे झोपून उठणे, हे या आजारात बाजूला ठेवायचे. पालथे झोपून छाती हळूच उचलणे चालते. खाली पडलेली वस्तू घेताना कमरेतून वाकण्याऐवजी गुडघे दुमडायचे, आणि नातवाला उचलायचे तर त्याला आधी स्टुलावर चढू द्यायचे.

रस्त्यावरच्या गोष्टी साध्या आहेत, आणि त्यांतच घात होतो. आपल्याकडचे पदपथ उंचसखल, मधेच तुटलेले. तयारीसाठी मैदानाचा गोल रस्ता किंवा मोठी बाग बरी. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरसबंदीवर अजिबात जाऊ नये. ते महिने जिमच्या पट्ट्यावर किंवा सोसायटीच्या कोरड्या पार्किंगमध्ये चालावे. चढापेक्षा उतार धोक्याचा, तिथे ट्रेकिंगच्या दोन काठ्या हव्यातच. पिशवी एका खांद्याला नको, पाठीवर हलकी सॅक आणि तिला कमरेचा पट्टा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने उठताना चक्कर येत असेल तर आधी ती गोष्ट डॉक्टरांशी बोलून मार्गी लावायची. आणि चालताना पाठीत अचानक तीव्र कळ आली तर तिथेच थांबायचे. शर्यती पुढे पुष्कळ मिळतील.

औषधांचे वेळापत्रक संकल्पापुढे झुकवू नये. आठवड्याची अलेन्ड्रोनेटची गोळी उपाशी पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि नंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नसते. तो अर्धा तास चालायला उत्तम. सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन मात्र ‘कार्यक्रम झाल्यावर घेऊ’ म्हणून कधीही पुढे ढकलू नये. त्याचा अंमल संपला की हाड वेगाने झिजते, आणि एकाच वेळी अनेक मणके दबल्याची उदाहरणे आहेत. आणखी एक, सकाळी सहाला कोवळ्या उन्हात चालून ड जीवनसत्त्व मिळते हा भरवसा सोडून द्यावा. ते बनवणारे किरण सूर्य क्षितिजाजवळ असताना जमिनीपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. रक्त तपासून डॉक्टर सांगतील तशी मात्रा घ्यावी.

संकल्पाच्या देणगीच्या बाजूकडे आपण फक्त पैशाच्या नजरेने पाहतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये दरवर्षी हजारो लोक कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी पैसे जमवतात, त्यांत छोट्या अंतराच्या ‘ड्रीम रन’मध्ये चालणारे पुष्कळ. पैसे महत्त्वाचेच. पण आजारी माणसासाठी त्यात आणखी काही घडते. निदानानंतर तो सगळ्यांकडून घेणारा झालेला असतो. पाणी आणून दे, हात धर, डबा उघडून दे. इथे तो पुन्हा कुणासाठी तरी काही करतो. ‘आता कसं वाटतंय?’ या प्रश्नाच्या जागी ‘आज किती झालं?’ असा प्रश्न येतो. मला हा बदल औषधाइतकाच मोलाचा वाटतो.

आणि देणगी मागायची तर कारण सांगावे लागते. नात्यातल्या पन्नास जणांना फोन करायचा आणि म्हणायचे, ‘मला ऑस्टिओपोरोसिस आहे, मी चालणार आहे.’ मग पलीकडून कुणी आतेबहीण म्हणते, आमच्या आईचाही खुबा मोडला होता. घरोघरी ती गोष्ट अपघात म्हणून सांगितली गेलेली असते: आजी न्हाणीघरात घसरली. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले तर ते हाड आधीच दुबळे होते, हे कुणी जोडलेले नसते. ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठातून 2008 मध्ये आलेली फ्रॅक्स ही गणनपद्धत पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका सांगते, आणि तिच्या मोजक्या प्रश्नांपैकी एक हाच आहे: आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का? त्या आतेबहिणीने, आणि तिच्या भावानेही, स्वतःसाठी हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवायला हवा. पन्नाशीनंतर तीन स्त्रियांमागे एक आणि पाच पुरुषांमागे एक, असे ठिसूळपणामुळे हाड मोडण्याचे जागतिक प्रमाण सांगितले जाते. पुरुष या तपासणीला सहसा जात नाहीत. बहिणीच्या देणगीच्या फोनमुळे एखादा गेला, तर तेही त्या चालण्याच्या जमाखात्यात धरावे.